‘व्हेरी’ या शब्दाची हकिकत

ज्याला इंग्रजीचा गंध नाही असा माणूसदेखील आपल्याकडे ‘व्हेरी गुड’ हे दोन शब्द सहज बोलून जातो. पोराने पाढा बिनचूक म्हटला की आजोबा ‘व्हेरी गुड’ म्हणतात, आणि मास्तर वहीच्या समासात तांबड्या शाईने तेच लिहितात. त्यांतल्या ‘गुड’चा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. ‘व्हेरी’चा अर्थ विचारला तर ‘फार’, ‘खूप’, ‘अतिशय’ असे उत्तर येते, आणि ते बरोबरही आहे. पण पुढे ‘रिअली’, ‘क्वाइट’, ‘हायली’, ‘एक्स्ट्रीमली’, ‘टेरिबली’ या शब्दांचे अर्थ विचारा. पुन्हा तेच तीन-चार मराठी शब्द उलटसुलट होऊन समोर येतात. मग इंग्रजांनी एवढे शब्द कशासाठी जमवले? आणि त्यांच्या भाषेत लिहिण्याची वेळ आली असता आपण त्यांतून कोणता उचलावा? या प्रश्नाचे निम्मे उत्तर व्याकरणात सापडते. उरलेले निम्मे इतिहासात आहे, आणि आज मुख्यतः त्याविषयी बोलावयाचे आहे.

कामगार चळवळीत आयुष्य घालवणाऱ्याने भाषापंडितांच्या प्रांतात का शिरावे, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर सोपे आहे. आमचा निम्मा धंदा शब्दांचा आहे. द्वारसभेतले भाषण, मागणीपत्र, समेट अधिकाऱ्यापुढचे निवेदन आणि शेवटी सह्यांचा करार, ही सगळी शब्दांचीच कामे. आणि त्यांपैकी कागदावरची बरीचशी अजूनही इंग्रजीत चालतात. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. इंग्रजी आम्ही करारांच्या नकला, कायद्याची पुस्तके आणि रद्दीच्या दुकानात मिळालेले कोश यांवरून शिकलो. ज्याला भाषा पाळण्यात मिळत नाही त्याला तिचा एकेक शब्द बाजारातून आणावा लागतो, आणि बाजारात माणूस मडके वाजवून घेतो. ‘व्हेरी’ हे मडके आम्ही असेच वाजवून पाहिले.

हा शब्द मूळचा इंग्रजांच्या घरचा नाही. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्याआधीच्या इंग्रजीत ‘फार’ या अर्थाचा मुख्य शब्द होता ‘स्विथे’. त्याचे मूळ ‘बळकट’ या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे एखादी गोष्ट ‘बळकटपणे थंड’ असली की ती फार थंड. तेराव्या शतकानंतर हा शब्द मागे पडत गेला, आणि आज तो सामान्य इंग्रजाला ओळखूसुद्धा येणार नाही. त्याच्या जागी ‘फुल’ आणि ‘वेल’ हे शब्द पुढे सरसावले. ‘फुल’ म्हणजे भरलेला. चौदाव्या शतकातला कवी चॉसर याच्या लिखाणात तो पदोपदी भेटतो. पुढे ‘राइट’ आला. ‘राइट’ म्हणजे सरळ, नीट. तो आता प्रमाण इंग्रजीतून गेला असला तरी उत्तर इंग्लंडातल्या बोलीत टिकून आहे, आणि पदव्यांत तर थिजून बसला आहे. प्रिव्ही कौन्सिलच्या सभासदाला ‘राइट ऑनरेबल’ म्हणतात, तो हाच ‘राइट’. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या नावामागे ही पदवी लागत असे. तिचा अर्थ ‘बरोबर सन्माननीय’ असा नसून ‘फार सन्माननीय’ असा आहे.

आणखी एक शब्द होता, ‘सोअर’. त्याचा अर्थ दुखरा, वेदना देणारा. १६११ च्या इंग्रजी बायबलात मेंढपाळांना देवदूत दिसतो तेव्हा ते ‘सोअर’ भितात, म्हणजे वेदना व्हावी इतके भितात. इंग्रजीत हा प्रयोग आता जुना झाला. पण जर्मन भाषेत त्याच शब्दाचा सख्खा भाऊ ‘झेर’ हा आज ‘फार’ या अर्थाचा रोजचा शब्द आहे. जर्मन माणूस ‘फार छान’ म्हणतो तेव्हा शब्दाच्या मुळाशी ‘दुखेपर्यंत छान’ असे असते, आणि त्याला त्याची गंधवार्ताही नसते.

या सगळ्यांत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘फार’ या अर्थाचा शब्द दुसऱ्या कोणत्या तरी अर्थाच्या शब्दाला कामाला जुंपून मिळवलेला दिसतो. कोणी बळ आणले, कोणी भरलेपण, कोणी सरळपणा, कोणी वेदना. फ्रेंचांचा ‘त्रे’ हा लॅटिनमधल्या ‘पलीकडे’ या अर्थाच्या शब्दापासून झाला. आपली मराठीही याला अपवाद नाही. ‘फार’ हा संस्कृतातल्या ‘स्फार’ म्हणजे विस्तृत या शब्दापासून आला. ‘अत्यंत’ म्हणजे अंताच्याही पलीकडे. ‘खूप’ हा फारसीतला ‘खूब’, त्याचा तिकडचा अर्थ चांगला. म्हणजे आपण ‘खूप वाईट’ म्हणतो तेव्हा मुळाकडून पाहता ‘चांगले वाईट’ म्हणत असतो, आणि ‘त्याला चांगला बदडला’ हा वाक्प्रचार पाहिला तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

आता ‘व्हेरी’कडे येऊ. नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर फ्रेंच भाषा इंग्लंडात आली, आणि तिच्यातून ‘व्हेराय’ हा शब्द इंग्रजीत शिरला. त्याचे मूळ लॅटिनमधल्या ‘वेरुस’मध्ये, आणि ‘वेरुस’ म्हणजे खरा. दोन-अडीचशे वर्षे तरी इंग्रजीत ‘व्हेरी’चा मुख्य अर्थ ‘खरा’ हाच होता. चॉसरने आपल्या प्रस्तावनेत सरदाराचे वर्णन करताना तो याच अर्थाने घातला आहे. चर्चच्या प्रार्थनेत येशूला खऱ्या देवापासून झालेला खरा देव म्हणतात, तेथे इंग्रजीत ‘व्हेरी’ आहे. आणि १६११ च्या बायबलात तर एक मोठा बोलका प्रसंग आहे. म्हातारा इसहाक आंधळा झालेला. धाकटा मुलगा याकोब थोरल्याचे सोंग घेऊन आशीर्वाद मागावयाला येतो. बापाला संशय येतो. तो म्हणतो, जवळ ये, तुला चाचपून पाहू दे, तू माझा ‘व्हेरी’ मुलगा एसाव आहेस की नाहीस. येथे ‘फार मुलगा’ असा अर्थ केला तर हसू येईल. आंधळा बाप खऱ्या-खोट्याचा निवाडा करू पाहतो आहे आणि त्यासाठी त्याला हा शब्द लागला आहे.

मग ‘खरा’चे ‘फार’ झाले कसे? दोन विशेषणे शेजारी शेजारी बसली की हे घडते. ‘तो खरा शूर माणूस आहे’ हे मराठी वाक्य घ्या. यातले ‘खरा’ माणसाचे विशेषण आहे की शूरपणाचे? बोलणाऱ्याच्या मनात पहिले असेल, पण ऐकणारा दुसरे समजू शकतो. आणि खरोखर शूर म्हणजे चांगलाच शूर असे त्याच्या मनात उतरते. हजारो तोंडांतून हे वाक्य गेले की शब्दाचे आसन हलते. इंग्रजीत हा पालट चौदाव्या-पंधराव्या शतकांत सुरू झाला, आणि सोळावे शतक संपेपर्यंत ‘फुल’ आणि ‘राइट’ यांना मागे सारून ‘व्हेरी’ पुढे निघाला होता. शेक्सपिअरच्या नाटकांत तिघेही नांदतात, पण पुढचा काळ ‘व्हेरी’चा आहे हे तेथे दिसू लागते.

ही साधी शब्दांची अदलाबदल नव्हती. ‘व्हेरी’ म्हणणारा मनुष्य पूर्वी साक्ष देत होता : मी सांगतो ते खरे आहे. नंतर तो फक्त मोजमाप सांगू लागला, आणि तेही अंदाजाने. ‘व्हेरी’ सगळ्याच गोष्टींना लागू लागल्यावर त्याची साक्ष कोण मानणार? मग खरेपणाची ग्वाही देण्याला नवे शब्द लागले. ‘ट्रूली’ आला. ‘रिअली’ आला, त्याचा अर्थ ‘वस्तुतः’, प्रत्यक्षात. पुढे ‘रिअली’ही त्याच वाटेने गेला. आता ‘रिअली गुड’ म्हणणारा कसलीही शपथ घेत नसतो. ‘लिटरली’ म्हणजे ‘अक्षरशः’ हा त्या मागचा. ‘तो लिटरली हसून मेला’ अशा वापराचीही नोंद कोशकारांनी केली आहे असे २०१३ साली वर्तमानपत्रांतून गाजले, तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत मोठी ओरड झाली. ज्यांनी ओरड केली ते ‘व्हेरी’ दिवसातून पन्नास वेळा वापरत असणार. पणजोबाने केलेले कोणाला आठवत नाही आणि नातवाचे तेवढे डोळ्यांत खुपते, असाच हा प्रकार.

अठराव्या शतकात इंग्रजीला व्यवस्था लावण्याचा उद्योग सुरू झाला. सॅम्युअल जॉन्सनचा प्रसिद्ध कोश १७५५ साली निघाला. त्यात ‘प्रिटी’ हा शब्द विशेषणाआधी आला असता त्याचा जोर ‘व्हेरी’पेक्षा कमी असतो, असे त्याने नमूद केले. म्हणजे कोणता शब्द किती जोराचा, याची उतरंड लावण्याचे काम तेव्हापासून चालू आहे. हा कोश निघण्याच्या काही महिने आधी, डिसेंबर १७५४ मध्ये, लॉर्ड चेस्टरफील्ड याने एका साप्ताहिकात त्याच्यावर लेख लिहिला आणि त्यात उच्चकुलीन स्त्रियांच्या भाषेची थट्टा केली. त्या काळी ‘व्हास्टली’ या शब्दाची साथ आली होती. ‘व्हास्ट’ म्हणजे अफाट. बायका अफाट आभारी होत, अफाट रागावत, अफाट आनंदी होत. एका बाईने तर तपकिरीची छोटी सोन्याची डबी पाहून, ती ‘अफाट लहान’ असल्यामुळे ‘अफाट सुंदर’ आहे असा निर्वाळा दिल्याचे चेस्टरफील्डने लिहिले आहे. डबी एवढीशी आणि शब्द आभाळाएवढा. अति तेथे माती म्हणतात ते हेच.

थट्टा मजेदार आहे खरी, पण तिच्यामागची दृष्टी नीट पाहिली पाहिजे. जोराचा शब्द वापरला की बायकांना हसावयाचे, पोरांना दटावयाचे आणि गरिबांना अडाणी म्हणावयाचे, ही त्या समाजाची जुनी खोड आहे. १९२२ साली ओटो येस्पर्सन या मोठ्या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने भाषेवरील ग्रंथात स्त्रियांसाठी वेगळे प्रकरण लिहिले, आणि त्यात अतिशयोक्तीची नि अशा शब्दांची आवड त्यांच्या पदरात घातली. पण बड्या पुरुषांच्या बोलण्याला असले प्रकरण कोणी वेगळे काढून दिले नव्हते. ‘राइट ऑनरेबल’ ही पदवी जोराच्याच शब्दाने बनली आहे. तिला मात्र कोणी हसत नाही.

एकोणिसाव्या शतकात भीतीचे शब्द या कामाला लागले. ‘टेरिबल’ म्हणजे भयंकर, ‘ऑफुल’ म्हणजे ज्याच्यापुढे मनुष्य दबकून उभा राहील असा. ईश्वराच्या सिंहासनासाठी राखलेला हा शब्द चहाच्या टेबलावर आला आणि ‘ऑफुली नाइस’ होऊन बसला. आपल्याकडचे तरुण ‘भयंकर आवडले’ म्हणतात तेव्हा काही वडील मंडळी कपाळाला आठ्या घालतात. त्यांनी समाधान मानावे. या चुलीवर इंग्रजांचा भात शंभर-दीडशे वर्षे आधी शिजून गेला आहे.

वर्गभेदाचा सर्वांत ठसठशीत दाखला १९१४ सालचा आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये बर्नार्ड शॉ याचे ‘पिग्मॅलियन’ हे नाटक लंडनच्या रंगभूमीवर आले. रस्त्यावर फुले विकणाऱ्या मुलीला एक ध्वनिशास्त्रज्ञ सरदारघराण्यांतले उच्चार शिकवतो, ही त्याची कथा. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली त्याची ‘ती फुलराणी’ केली, तेव्हा ती आपल्याला परकी नाही. त्या नाटकात इलायझा घासूनपुसून शिकलेल्या उच्चारांत, बड्या लोकांच्या दिवाणखान्यात, ‘ब्लडी’ हा शब्द उच्चारते. ‘ब्लडी’ म्हणजे रक्ताळलेला. पण सतराव्या शतकापासून तोही ‘फार’ या अर्थी जोर देण्यासाठी वापरला जात होता आणि गोदीत, खाणीत, बराकीत तो रोजचा होता. रंगभूमीवर तो आला तेव्हा लंडनच्या वर्तमानपत्रांत केवढा गहजब झाला! तोच अर्थ ‘ऑफुली’ने सांगितला तर ती सभ्यता, ‘ब्लडी’ने सांगितला तर तो असभ्यपणा. एकात देवाचे भय खर्ची पडले होते, दुसऱ्यात रक्त. शॉ हा समाजवादी होता. उच्चार बदलला की माणसाची जात बदलल्यासारखे लोक वागतात हे त्याला दाखवावयाचे होते, आणि एका जोराच्या शब्दाने ते जितके उघड झाले तितके दहा भाषणांनी झाले नसते.

हा झाला इतिहास. आता निवडीचा प्रश्न. व्याकरणाचे थोडे आधी सांगून टाकू. आपला ‘फार’ मोठा सोशिक आहे. ‘फार मोठा’ असेही तो म्हणू देतो, ‘फार आवडतो’ असेही म्हणू देतो. इंग्रजीत तसे चालत नाही. विशेषणाला आणि क्रियाविशेषणाला ‘व्हेरी’, क्रियापदाला ‘मच’ किंवा ‘व्हेरी मच’, अशी वाटणी आहे. क्रियापदापासून बनलेल्या विशेषणांच्या बांधावर दोघांचे भांडण लागते, आणि फाउलर याने १९२६ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात त्या बांधाची मोजणी करून ठेवली आहे. ‘एक्सलंट’, ‘युनिक’ यांसारख्या आधीच टोकाला पोचलेल्या शब्दांना ‘व्हेरी’ शोभत नाही. शिगोशीग भरलेल्या मापात आणखी ओतल्यासारखे ते होते.

याहून महत्त्वाचा घोटाळा ‘व्हेरी’ आणि ‘टू’ यांचा आहे, आणि तो आपल्या मराठीमुळे होतो. ‘चहा फार गोड आहे’ या वाक्याचे दोन अर्थ आहेत. चहा चांगला गोड आहे, पाहुणा खूष आहे, हा एक. चहा पिववत नाही इतका गोड आहे, हा दुसरा. मराठीत ते सुरावरून कळते. इंग्रजीत पहिल्याला ‘व्हेरी’ आणि दुसऱ्याला ‘टू’. ‘व्हेरी’ पायरी सांगतो; ‘टू’ मर्यादा ओलांडल्याचे सांगतो. आपल्याकडे ‘टू गुड’ अशी शाबासकी देतात ती घरगुती बोलण्यात खपून जाते. पण निवेदनात ‘काम व्हेरी जड आहे’ लिहिणे आणि ‘काम टू जड आहे’ लिहिणे यांत फरक आहे. पहिल्यात तक्रार नाहीच. जगात जड कामे असतातच, त्यांचा पगार मिळतो. दुसऱ्यात तक्रार आहे, पण लगेच प्रश्न येतो : कोणत्या मर्यादेपेक्षा जास्त? त्या प्रश्नाचे उत्तर तयार असेल तरच ‘टू’ हा शब्द पेलतो.

‘क्वाइट’ची गंमत आणखी निराळी. त्याचे मूळ ‘मोकळा, फिटलेला’ या अर्थात आहे, आणि त्यावरून ‘पूर्णपणे’ हा त्याचा पहिला अर्थ आला. पुढे इंग्लंडात विशेषणाआधी तो ‘बऱ्यापैकी’ या अर्थी उतरला, तर अमेरिकेत ‘चांगलाच’ या अर्थी चढला. एकच शब्द, एकाच्या तोंडी पावली आणि दुसऱ्याच्या तोंडी रुपया. एका कारखान्यातल्या उष्म्याबद्दल आम्ही लेखी तक्रार केली होती, तेव्हा व्यवस्थापनाचे उत्तर आले की हवेशीरपणाची व्यवस्था ‘क्वाइट सॅटिस्फॅक्टरी’ आहे. बैठकीत आम्ही विचारले, पूर्णपणे समाधानकारक की बऱ्यापैकी समाधानकारक? समोरचे साहेब हसले, वकिलाने पान उलटले, उत्तर कोणी दिले नाही. भट्टीजवळ उष्णतामापक टांगावा आणि दर पाळीला आकडा वहीत लिहावा, असे आम्ही सुचवले. तो टांगला गेल्यावर त्या शब्दाची गरज दोन्ही बाजूंना उरली नाही. दुबळ्या बाजूने जोराचा शब्द वापरला तर ती कांगावा करते असे म्हणतात. सबळ बाजू वापरते तेव्हा त्या शब्दाआड जागा करून बसते. म्हणून वाटाघाटीत प्रत्येक ‘क्वाइट’, ‘फेअरली’, ‘हायली’ पुढे करून त्याचा हिशेब मागावा, हे आम्ही आमच्या तरुण कार्यकर्त्यांना सांगत असतो.

कायद्याच्या घरातही ही चर्चा जुनी आहे. इंग्लंडात १८४३ साली विल्सन विरुद्ध ब्रेट या खटल्यात ‘ग्रॉस’, म्हणजे ढोबळ, निष्काळजीपणाचा प्रश्न आला. न्यायमूर्ती रोल्फ यांनी सांगितले की निष्काळजीपणा आणि ढोबळ निष्काळजीपणा यांत त्यांना काही फरक दिसत नाही. तोच तो, फक्त शिवीसारखे एक विशेषण वर चढवलेले. त्यांचे हे मत पुढच्या न्यायाधीशांनीही उचलून धरले. इंग्लंडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी १९४८ साली साध्या भाषेवर पुस्तक लिहिले. अर्थ नेमका करणारे विशेषण ठेवावे आणि नुसता जोर वाढवणाऱ्याकडे संशयाने पाहावे, ही त्यांची शिकवण होती. त्यापूर्वी १९१८ साली अमेरिकेत प्राध्यापक स्ट्रंक यांनी आपल्या विद्यार्थ्यांना ‘व्हेरी’ जपून वापरा, जोर हवा असेल तेथे मुळातच जोरदार असलेला शब्द घ्या, असे सांगून ठेवले होते.

पण या थोरांच्या उपदेशाला कामगारांच्या इतिहासातली एक पुस्ती जोडावीशी वाटते. इंग्लंडच्या कापडगिरण्यांत लहान मुले बारा-बारा, चौदा-चौदा तास राबत होती. १८३० साली रिचर्ड ओस्लर याने लीड्सच्या वर्तमानपत्रात पत्र लिहून या प्रकाराला ‘यॉर्कशरची गुलामगिरी’ म्हटले. तो शब्द जळजळीत होता आणि तसाच हवा होता, कारण झोपलेल्याला जागे करावयाचे होते. १८३२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे कामगारांच्या साक्षी झाल्या, तेव्हा प्रश्न आले ते असे : कामाला किती वाजता जात होता? सुटत किती वाजता होता? जेवायला किती वेळ मिळे? आणि अखेर १८४७ साली जो कायदा झाला त्याला लोकांनी नाव दिले ‘दहा तासांचा कायदा’. स्त्रिया आणि तेरा ते अठरा वर्षांची मुले यांना त्याने दिवसाला दहा तासांची मर्यादा घातली. कामाचे तास ‘व्हेरी’ लांब असू नयेत असे त्यात लिहिले असते तर तो कायदा गिरणीमालकांनी चहाबरोबर पिऊन टाकला असता. आकडा असूनही त्यांनी पळवाट काढलीच. माणसे आळीपाळीने आत-बाहेर ठेवून दिवसभर यंत्रे चालू ठेवली. म्हणून १८५० साली कायद्याला घड्याळाची वेळच सांगावी लागली : सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, त्यात जेवणखाण्याला दीड तास. त्यात अर्धा तास काम वाढले, पण पळवाट अरुंद झाली.

मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून अर्ज केला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. त्यातल्या मागण्या पाहा. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. कामावर इजा झाली तर भरपाई. यांतल्या बहुतेक मागण्यांना वार, तास, तारीख आहे. ‘फार’ हा शब्द कोणत्या मागणीत घालणार? त्याला बसावयाला जागाच नाही. रविवारची सुटी १८९० साली मिळाली.

ओझ्याच्या बाबतीतही हीच वाट दिसते. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे १९४८ चा कारखाने कायदा झाला. त्याच्या चौतिसाव्या कलमात, ज्याने इजा होण्याचा संभव आहे ‘इतके जड’ ओझे कोणालाही उचलावयाला लावू नये, अशी भाषा होती. इंग्रजीत तेथे ‘व्हेरी’ नाही, ‘सो’ आहे. आणि त्या ‘सो’ला परिणामाची वेसण घातलेली आहे. इतके जड, म्हणजे किती? इजा होईल इतके. ‘सो’ असा बांधला की तो कामाचा होतो, एरवी तोही वाऱ्यावर सोडलेला शब्द. पुढे १९६७ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने शिफारस केली, त्यात प्रौढ पुरुषाने हातांनी वाहावयाच्या ओझ्याला ५५ किलोचा आकडा घातला. ‘फार जड’पासून ‘मर्यादेबाहेर जड’, तेथून ‘इजा होईल इतके जड’ आणि तेथून ‘५५ किलो’, ही शब्दांची चढण आहे. आणि ती चढताना हमालाच्या पाठीवरचे ओझे उतरत गेले आहे.

याचा अर्थ जोराचे शब्द टाकून द्यावेत असा कोणी घेऊ नये. ते टाकले जाणारही नाहीत. इंग्लंडातल्या यॉर्क शहरातल्या लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून रिका इतो आणि साली टॅग्लियामाँटे या विदुषींनी २००३ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. म्हाताऱ्यांच्या तोंडी ‘व्हेरी’ जास्त, तरुणांच्या तोंडी ‘रिअली’ जास्त, आणि ‘वेल’, ‘राइट’ हे मध्ययुगातले शब्दही कोठे कोठे पुन्हा डोके वर काढताहेत असे त्यांना आढळले. माणसाला दुःख झाले, आनंद झाला, की साधा शब्द अपुरा वाटतो. तो हाताशी असेल त्या जिन्नसाने, मग ते सत्य असो, भय असो की रक्त, आपल्या शब्दाचे वजन वाढवतो. आईने पोराला ‘खूप खूप’ म्हणावे. सभेत वक्त्याने आवाज चढवावा. ओस्लरचे पत्र नसते तर पार्लमेंटची समिती कदाचित बसलीच नसती.

तेव्हा निवड करावयाची ती शब्द कोठे ठेवावयाचा हे पाहून. समोरचा जागा व्हावयाचा असेल तेथे जोर हवा, आणि तो झिजलेल्या शब्दाचा नको. शपथेवर सांगावयाचे असेल तेथे ‘रिअली’, ‘ट्रूली’ म्हणावे, पण मागे पुरावा उभा करावा. मर्यादा ओलांडली गेली असेल तेथे ‘टू’ म्हणावे आणि ती मर्यादा लगेच दाखवावी. परिणाम ठाऊक असेल तेथे ‘सो’ आणि त्यापुढे तो परिणाम. आणि जेथे खाली सही होणार आहे तेथे यांतला एकही शब्द न घालता तास, तारीख, रुपये आणि किलो लिहावेत. ‘व्हेरी’ या शब्दाने सहाशे वर्षांपूर्वी जे काम सोडून दिले ते, म्हणजे खरे काय आहे हे सांगण्याचे काम, त्या ठिकाणी आकडा करतो. करार हातात पडला की आमच्या कचेरीत तो मोठ्याने वाचण्याची पद्धत आहे, आणि वाचताना जोराचा शब्द आला की कोणीतरी हात वर करून ‘किती?’ असे विचारतो. उत्तर मिळाल्याखेरीज पुढचे कलम वाचले जात नाही.